रोज आठ-दहा डाव, तरी रेटिंग तिथंच

पत्र : मी १७ वर्षांचा आहे. वर्षभर रोज बुद्धिबळाचे आठ-दहा रॅपिड डाव ऑनलाइन खेळतो, तेही १० मिनिटांचे. ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या चालींचे) व्हिडिओही बघतो. तरी रेटिंग १५०० च्या आसपास घुटमळतंय. पुढं बुद्धिबळातच करिअर करायचं आहे. एक वर्ष शिक्षण थांबवून पूर्ण वेळ खेळलो तर फरक पडेल का? हरलेले तीन डाव सोबत पाठवतोय.

उत्तर :

तुझं पत्र मिळालं. डाव पाठवलेस हे फार चांगलं केलंस. मी कॉलेजात असताना स्पर्धा खेळायचे, त्यामुळे तिन्ही डाव पटावर लावून पाहिल्याशिवाय राहवलं नाही.

पहिल्या डावात १९ व्या चालीला तू पहिल्या आडव्या रांगेतला हत्ती उचलून एक प्यादं मारलंस. पुढच्याच चालीला समोरच्याचा हत्ती तुझ्या रिकाम्या रांगेत उतरला आणि मात झाली. तेव्हा तुझ्या घड्याळात सहा मिनिटांहून जास्त वेळ शिल्लक होता. ती चाल तू तीन सेकंदांत खेळलास. दुसऱ्या डावात समोरच्यापेक्षा एक घोडा जास्त असूनही वेळ संपून हरलास, कारण सातव्याच चालीवर, पाठ असलेल्या स्थितीत, दोन मिनिटं घालवली होतीस. तिसऱ्यात समोरच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, तुझ्याकडे नुसता हत्ती, आणि तुझा राजा प्याद्याच्या वाटेत उभा. हा डाव हमखास बरोबरीत सुटतो. बचावाची रीत तुला माहीत नव्हती, एवढंच.

आता बघ, पहिल्या पराभवाचं कारण घाई, दुसऱ्याचं वेळेचा हिशेब आणि तिसऱ्याचं अज्ञान. तिघांवर तू एकच औषध घेतोयस, आणखी डाव खेळायचं. त्यानं घाई तर उलट पक्की होते. म्हणून शिक्षण थांबवू नकोस. सध्याच्या पद्धतीनं पूर्ण वेळ खेळलास तर याच चुका दिवसातून तिप्पट वेळा होतील.

करिअरच्या दृष्टीनं दोन गोष्टी तुला आजच कळायला हव्यात. पहिली, ज्याला तू रॅपिड म्हणतोस तो १० मिनिटांचा डाव फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांनी रॅपिड नाहीच. प्रत्येक खेळाडूला १० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल तर तो ब्लिट्झ. जागतिक रॅपिड स्पर्धेत १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढीव मिळतात. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, रॅपिड डावांतून ग्रँडमास्टर या किताबासाठी लागणारे नॉर्म (स्पर्धेतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिरीची नोंद) मिळत नाहीत. ते लांब वेळेच्या क्लासिकल डावांतूनच मिळतात, आणि किताबासाठी २५०० रेटिंगही त्याच प्रकारात लागतं. तेव्हा रॅपिड सुधारायचंच, पण क्लासिकल स्पर्धाही खेळायला लाग. शांतपणे विचार करायची सवय तिथंच लागते आणि तीच रॅपिडमध्ये उपयोगी पडते.

आता तीन महिने काय करायचं ते सांगते. ब्लिट्झ पूर्ण बंद. आठवड्यात चारच डाव, १५ मिनिटं अधिक १० सेकंद या वेळेचे. ४० चालींचा डाव धरला तर एका चालीला सरासरी ३२ सेकंद येतात. ते सगळ्या चालींना सारखे वाटायचे नाहीत. माहितीतल्या सुरुवातीला पाच-सहा सेकंद पुरेत, म्हणजे जिथं मोहरे एकमेकांना भिडतात तिथं दोन मिनिटं बसायची मुभा मिळते. आणि प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न : समोरच्यानं ही चाल कशासाठी केली? १९ व्या चालीला तू हा प्रश्न विचारला असतास तर हत्ती जागचा हलला नसता.

डाव संपला की लगेच दुसरा सुरू करायचा नाही, हरल्यावर तर मुळीच नाही. जेवढा वेळ डावाला दिलास तेवढाच त्याच्या तपासणीला द्यायचा. आधी इंजिनशिवाय, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमशिवाय. वहीत लिही : कुठं गोंधळलो, तेव्हा मनात काय चाललं होतं, घड्याळात किती वेळ होता. मगच इंजिन लाव आणि तुझ्या पहिल्या मोठ्या चुकीपाशी थांब. इंजिन योग्य चाल दाखवतं, पण ती तुला का सुचली नाही हे त्याला ठाऊक नसतं. ते फक्त तुला माहीत असतं आणि तासाभरात तूही विसरतोस. १९४८ मध्ये जगज्जेते झालेले मिखाईल बोट्विनिक तर म्हणायचे, आपल्या डावांचं विश्लेषण छापून प्रसिद्ध करा, म्हणजे इतरांना त्यातल्या चुका दाखवता येतील. तू निदान एखाद्या जाणत्या खेळाडूला वही दाखव. प्रशिक्षक शोधलास तर असाच शोध, जो आधी तुझे डाव मागेल.

पटावरच्या रॅपिड स्पर्धेत चाली लिहिण्याचं बंधन नसतं. म्हणून डाव संपल्याबरोबर आठवून लिहून काढ. सुरुवातीला १५ चालींपुढं गाडी जाणार नाही, महिन्याभरात बरीच पुढं जाईल.

कोडी रोज अर्धा तास, पण घड्याळ न लावता. शेवटपर्यंतच्या चाली डोक्यात दिसल्याशिवाय मोहऱ्याला हात लावायचा नाही. चुकलेली कोडी आठवड्यानं पुन्हा सोडव. ओपनिंगचे व्हिडिओ तूर्त बाजूला ठेव, तुझे तिन्ही डाव ओपनिंगमुळे हरलेले नाहीत.

रेटिंगकडे रोज बघू नकोस. फिडेच्या रॅपिड रेटिंगमध्ये बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर १० गुण वाढतात, हरलं तर १० जातात. एका वाईट दिवशी ४० गुण गेले म्हणून खेळ बिघडला असं होत नाही. २०२४ च्या महिला जागतिक रॅपिड स्पर्धेत कोनेरू हंपी पहिलीच फेरी हरली होती. तीच पुढं ११ फेऱ्यांत ८.५ गुण मिळवून जगज्जेती झाली. तुझी खरी मोजणी वहीत आहे. महिन्याच्या शेवटी घाईच्या चुका किती, वेळेच्या किती, अज्ञानाच्या किती ते मोज. पुढच्या महिन्याचा सराव त्यावरून ठरव.

सुरुवात त्या तिसऱ्या डावापासून कर. या बचावाला फिलिडॉरची स्थिती म्हणतात. हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या आडव्या रांगेवर ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला पुढं येता येत नाही. प्यादं त्या रांगेवर आलं की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. एखाद्या मित्राला समोर बसव आणि दोन्ही बाजूंनी हे दहा वेळा खेळ. तीन महिन्यांनी वहीतली पानं मला पाठव, मी वाट बघते.