थ्रो-इनचा नियम पंचांच्या मर्जीवर असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाचा आंतरशालेय बास्केटबॉल सामना, शेवटचं मिनिट चालू, तुमची शाळा एका गुणाने मागे. समोरचा मुलगा साइडलाइनवरून थ्रो-इन करत होता, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकत होता. त्याचा पाय रेषेवर होता, शिवाय तो एक पाऊल बाजूलाही सरकला, तरी पंच गप्प. आणि तुमच्या मुलाने त्याच्या हातातल्या बॉलला नुसता हात लावला, तर थेट टेक्निकल फाउल (धक्का न लागताही मिळणारा फाउल). "मग नियम पुस्तकात कशाला छापलेत? सगळं पंचांच्या मर्जीवरच ना?" असं तुम्ही विचारलंय.

मी १४ वर्षं शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत शिट्टी वाजवतोय. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तिन्ही निर्णय बरोबर असू शकतात. फक्त एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, आणि तिसरा निर्णय पूर्ण तिच्यावर अडलाय. तिच्याकडे येतो.

आधी पाय. बास्केटबॉलमध्ये रेषा ही कोर्टाबाहेरची जागा आहे. म्हणूनच खेळताना रेषेवर पाय पडला की तुम्ही आउट. त्याच न्यायाने थ्रो-इन करणारा रेषेवर उभा असेल तर तो बाहेरच उभा आहे. बॉल हातात असताना रेषा ओलांडून आत पाऊल टाकलं, तर चूक. प्रेक्षकांतून या मुद्द्यावर आरडाओरडा जवळजवळ प्रत्येक सामन्यात होतो, म्हणून सविस्तर सांगितलं.

मग सरकणं. आपल्याकडे 'फिबा'चे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम चालतात. त्यानुसार पंचांनी दाखवलेल्या जागेपासून दोन्ही बाजू मिळून एकूण १ मीटरपर्यंत सरकता येतं, आणि मागे तर जागा असेल तितकं जाता येतं. ट्रॅव्हलिंगचा, म्हणजे बॉल धरून जास्त पावलं टाकण्याचा, नियम कोर्टाच्या आत बॉल धरलेल्या खेळाडूसाठी आहे, थ्रो-इन करणाऱ्याला तो लागूच होत नाही. शाळकरी मुलाचं एक पाऊल १ मीटर भरत नाही. बास्केट झाल्यानंतरचा थ्रो-इन असेल, तर एंडलाइनमागे, म्हणजे बास्केटमागच्या रेषेमागे, कुठूनही, हवं तितकं पळूनही बॉल टाकता येतो.

इथे पंचाची नजर येते, हे खरं आहे. माझ्या हातात टेप नसतो. मी खेळाडूला जागा दाखवतो, तेव्हा त्याच्या मागचं काहीतरी मनात पकडून ठेवतो: भिंतीवरचा डाग, खुर्चीचा पाय, फरशीचा सांधा. त्या खुणेपासून तो किती हलला ते बघतो. थ्रो-इन पाच सेकंदांत टाकावा लागतो, ते मोजणंही तसंच. बॉल त्याच्या ताब्यात गेला की मी हात हलवत मोजायला लागतो, सगळ्यांना दिसेल असं. बास्केटनंतर मात्र बॉल घरंगळत गेलेला असतो, कोणी उचलायला वाकलेला असतो. अशा वेळी 'ताब्यात' नेमका कधी आला, हे मलाच ठरवावं लागतं. दोन पंचांत इथे अर्ध्या सेकंदाचा फरक पडू शकतो, आणि तो मी नाकारणार नाही.

पण ही मोकळीक एवढीच आहे. किती सरकला, कधी उचलला, हात रेषेपलीकडे गेला की नाही, हे जे दिसलं त्याबद्दल निर्णय माझा. एक मीटरचे दोन मीटर करणं किंवा पाचचे सहा सेकंद करणं माझ्या हातात नाही. तक्रार करताना पालकांनी हा फरक धरून ठेवला, तर त्यांची तक्रार जास्त नेमकी होईल.

आता टेक्निकल. थ्रो-इनचा बॉल रेषा ओलांडून आत येईपर्यंत बचाव करणाऱ्याच्या शरीराचा कुठलाही भाग रेषेपलीकडे जाता कामा नये. तुम्ही म्हणाल, बॉल धरलेले हात तर आत आले होते! फिबाच्या अर्थनिर्णयात त्याचंही उत्तर आहे: टाकणाऱ्याचे हात बॉलसकट रेषेच्या आत आले, तरी त्याच्या हातातल्या बॉलला हात न लावण्याची जबाबदारी बचाव करणाऱ्याचीच. अमेरिकेतल्या शालेय नियमांत उलट आहे, तिथे रेषेच्या आत आलेला बॉल हिसकावता येतो. मुलं तिकडचे व्हिडिओ बघून शिकतात आणि इथे अडकतात. तुमच्या मुलाचंही तसंच झालं असेल, तर त्याला रागावू नका.

सामन्यात इतर वेळी असं पहिल्यांदा घडलं, की खेळाडूला आणि प्रशिक्षकाला तोंडी ताकीद मिळते. ती पूर्ण संघाला उरलेल्या सामन्यासाठी लागू होते, आणि पुन्हा घडलं तर टेक्निकल. चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं आणि जादा वेळ यांत मात्र पद्धत वेगळी आहे. तिथे पंचाने बॉल देण्याआधीच हाताने रेषेची खूण करून बचाव करणाऱ्याला इशारा द्यायचा असतो. तो इशारा हीच ताकीद. त्यानंतर हात पलीकडे गेला की थेट टेक्निकल, म्हणजे समोरच्यांना एक फ्री थ्रो, आणि बॉल पुन्हा त्यांच्याकडेच.

तुमच्या प्रश्नात नसलेली गोष्ट हीच: पंचांनी तो इशारा केला होता का?

मी स्वतः एकदा इथे चुकलोय. मुलींचा उपांत्य सामना होता, ४० सेकंद उरलेली, मैदान सिमेंटचं आणि एंडलाइनच्या मागे जेमतेम सव्वा मीटरवर शाळेची भिंत. जागा २ मीटरपेक्षा कमी असेल तर बचाव करणारीने थ्रो-इन करणारीपासून निदान १ मीटर लांब राहायचं असतं. मी घाईत बॉल देऊन टाकला. इशारा केला नाही, अंतरही बघितलं नाही. मुलीचा हात बॉलला लागला आणि मी टेक्निकल दिला. खरं तर मी शिट्टी वाजवून फक्त ताकीद द्यायला हवी होती. संध्याकाळी एका ज्येष्ठ पंचांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "इशारा केला होतास?" ती मुलगी रडत घरी गेली होती. माझ्या नजरेत चूक नव्हती, तिचा हात खरंच पलीकडे गेला होता. मी नियमातली एक पायरी गाळली होती, आणि ते माझ्या अधिकारात बसत नाही.

पंचाच्या हाताची एक खूण किती महाग पडू शकते, ते बघायचं असेल तर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची अमेरिका-सोव्हिएत अंतिम लढत बघा. अमेरिका ५०-४९ ने पुढे होती आणि शेवटची तीन सेकंदं पुन्हा पुन्हा खेळवली गेली. तिसऱ्या वेळी इव्हान येदेश्को एंडलाइनवरून बॉल टाकत होता आणि समोर उंचापुरा टॉम मॅकमिलन हात वर करून उभा होता. बल्गेरियाचे पंच अराबाजियान यांनी हाताने काहीतरी खूण केली. मॅकमिलनने तिचा अर्थ 'मागे हो' असा घेतला आणि तो मागे सरला. समोरचा अडसर गेल्यावर येदेश्कोने बॉल थेट दुसऱ्या टोकाला, अलेक्झांडर बेलोवकडे फेकला. ५१-५०. आपण मागे व्हायला सांगितलंच नव्हतं, असं पंचांचं म्हणणं होतं. अपील ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळलं गेलं आणि अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदकं घेतलीच नाहीत.

तेव्हापासून म्हणणार नाही, पण त्या मुलींच्या सामन्यापासून मी खूण करताना तोंडानेही बोलतो: "रेषा. हात आत ठेव." मुलीने किंवा मुलाने मान हलवली की मगच बॉल देतो. यात दोन सेकंद जातात, पण घड्याळ तेव्हा थांबलेलंच असतं.

तुम्ही आता काय करावं? मुलाला आणि त्याच्या प्रशिक्षकांना एवढंच विचारा की बॉल देण्याआधी पंचांनी रेषेकडे हात करून काही दाखवलं होतं का. दाखवलं असेल, तर निर्णय योग्य होता. नसेल, तर तुमची हरकत रास्त आहे, आणि ती नेमकी याच शब्दांत मांडा. पुढच्या वेळी खेळतानाच शंका आली, तर बॉल डेड (खेळ थांबलेला) आणि घड्याळ थांबलेलं असताना संघाचा कर्णधार पंचांना नम्रपणे विचारू शकतो, तो त्याचा हक्क आहे. आणि मुलाला घरी सराव द्यायचा असेल, तर अंगणात खडूने रेषा ओढा, तुम्ही बॉल घेऊन पलीकडे उभे राहा, आणि त्याला रेषेपासून हातभर मागे उभं राहून हात सरळ वर ठेवायला सांगा, पुढे नाही.