कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करू का?

प्रश्न : गावात एका कंपनीचा माणूस येऊन गेला. बांधावर झाडं लावा, आधीची आहेत ती पण धरू, दरवर्षी कार्बन क्रेडिटचे पैसे खात्यात पडतील म्हणाला. करार 30 वर्षांचा आहे. हे क्रेडिट म्हणजे नक्की काय, आणि सही करू का? (एक शेतकरी, जि. सोलापूर)

उत्तर : सही जरा थांबवा. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, हवेतून ओढून घेतलेला नाहीतर हवेत जायचा थांबवलेला. आता हा एक टन किती होतो ते बघा, वाळक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि 12 किलो कार्बनमागे 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून आलेला असतो, म्हणजे एका क्रेडिटला साडेपाचशे किलोच्या आसपास वाळकं लाकूड भरावं लागतं (मुळं पण धरतात त्यात). तेव्हा रोपं लावल्यावर पहिली काही वर्षं हातात फारसं काही येत नाही, कोणी लगेच पैसे म्हणत असेल तर कशाचे ते विचारा.

मोजणीला माणसं टेप घेऊन येतात, जमिनीपासून 1.3 मीटरवर म्हणजे छातीच्या उंचीला खोडाचा घेर घेतात आणि झाडाच्या जातीप्रमाणे सूत्राने वजन काढतात. पण पैसे सगळ्या वजनाचे नसतात, प्रोजेक्ट नसता तर जे झालंच नसतं तेवढ्याचेच असतात. आजोबांनी लावलेला आंबा, बांधावरची जुनी बाभळ प्रोजेक्टच्या आधीपासून उभी आहे, ती यात बसत नाही. त्यामुळे "आहेत ती पण धरू" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं.

आणि 30 वर्षं का, तर तुमचं क्रेडिट विकत घेणारी कंपनी तिकडे तेवढा धूर सोडून मोकळी होते, त्यातला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो, इकडे झाड मधेच तुटलं तर हिशोबच खोटा पडतो. म्हणून करारात हे लेखी बघा की क्रेडिट कोणाच्या नावावर, तुमचा वाटा किती टक्के, मोजणीचा खर्च कोणाच्या वाट्यातून, दुष्काळात झाडं वाळली किंवा घरच्या अडचणीला तोडावी लागली तर दंड आहे का, भावाभावांत वाटणी झाली तर करार कोणावर. प्रोजेक्ट व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या रजिस्ट्रीत (म्हणजे क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत) आहे म्हणत असतील तर नंबर मागा, त्यांच्या साइटवर कोणालाही बघता येतो. नंबर देत नसतील तर सही करू नका. सगळेच फसवतात असं नाही, पण 30 वर्षं जमीन अडकवायची तर कागद तालुक्याच्या वकिलाला दाखवूनच.

प्रश्न : कंपन्या जाहिरातीत नेट झीरो म्हणतात ते हेच का? (कॉलेज विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नाही, आणि ही गल्लत मुद्दाम केली जाते याचा मला राग येतो. नेट झीरो म्हणजे आधी स्वतःचं उत्सर्जन जमेल तितकं खाली आणायचं, आणि जे काही केल्या टळत नाही तेवढंच हवेतून परत काढून घ्यायचं. भारताने 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत त्यासाठी 2070 साल जाहीर केलं. कोळसा तसाच जाळत राहायचा आणि स्वस्तातली क्रेडिटं घेऊन हिरवं पान छापायचं, हे नेट झीरो नाही. जाहिरात बघितलीस की एकच शोध, कंपनीचं स्वतःचं उत्सर्जन दरवर्षी किती कमी झालं ते आकड्यात दिलंय का.

प्रश्न : म्हशींमुळे पण हवामान बिघडतं म्हणतात, खरं का? (दूध उत्पादक, जि. कोल्हापूर)

उत्तर : खरं आहे. रवंथ करताना म्हशी मिथेन नावाचा वायू सोडतात, उघड्या शेणखड्ड्यातून पण थोडा निघतो. तो हवेत साधारण 12 वर्षंच टिकतो, पण 100 वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो. म्हशी विका असं कोणी म्हणत नाही. गोबर गॅस असेल तर शेणातला मिथेन चुलीत जळून जातो आणि सिलिंडर पण वाचतो, फक्त गॅस गळू देऊ नका. पाइपच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले की सांधा बदलून घ्या.