आयल्ट्सच्या वाचनात ६ बँडवर अडकलेल्या परिचारिकेस उत्तर

आपण कोल्हापुरात स्टाफ नर्स आहात, इंग्लंडला येण्याची तयारी चालू आहे, आणि आयल्ट्स अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचनाच्या भागात ६ बँडच्या (गुणश्रेणीच्या) पुढे सरकत नसल्यामुळे व्याकरणाचे पुस्तक पहिल्या पानापासून घ्यावे की शब्दांची यादी पाठ करावी, असे आपण विचारले आहे. मीही सांगलीहून इथे याच कामासाठी आले, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते या दोन्हींआधी सलग, वेळ लावून केलेले वाचन हवे, आणि व्याकरण व शब्द त्या वाचनातूनच उचलावेत.

परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ बँड लागतो, लेखनात ६.५ चालतो. वाचनाच्या ४० प्रश्नांपैकी साधारण २३ बरोबर आले की ६ आणि ३० बरोबर आले की ७ बँड मिळतो. म्हणजे आपल्याला सातच उत्तरांची भर घालायची आहे. त्यासाठी तीन दीर्घ उतारे आणि ६० मिनिटे असतात; उत्तरे उतरवून काढायला वाचनात वेगळा वेळ मिळत नाही.

आपण लिहिता की वॉर्डात दिवसभर इंग्रजीच वाचावी लागते. परंतु केसपेपरवरची इंग्रजी तुटक असते: ‘पेशंट अफेब्राइल, टॉलरेटिंग ओरली’ यात ना पूर्ण क्रियापद, ना आर्टिकल. परीक्षेतले उतारे मधमाशांवर, जुन्या इमारतींवर, व्यापाराच्या इतिहासावर असू शकतात, आणि त्यांतील एकेक वाक्य तीन-चार ओळी चालते. मराठी वाचकाला क्रियापदाची वाट शेवटपर्यंत पाहण्याची सवय असते. इंग्रजी वाक्यात मात्र कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये ‘व्हिच’ किंवा ‘हू’ने सुरू होणारा लांबलचक तुकडा घुसतो आणि धागा तिथेच तुटतो. म्हणून रोज एका उताऱ्यातील सर्वांत लांब पाच वाक्ये घेऊन त्यांचा कर्ता आणि मुख्य क्रियापद पेन्सिलीने अधोरेखित करावे. माझ्या अनुभवात वाचनासाठी याहून उपयोगी व्याकरण नाही. लेखनासाठी मात्र आपल्या नेहमीच्या चुका वेगळ्या टिपून ठेवाव्यात, कारण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१७’ हे मराठी कानाला अगदी बरोबर वाटते. तिथे ‘आय हॅव बीन वर्किंग’ हवे.

सर्वाधिक गुण जातात ते ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रश्नांत. उतारा विधानाच्या विरुद्ध बोलत असेल तर फॉल्स, आणि त्याविषयी गप्प असेल तर नॉट गिव्हन. गावात विहिरी होत्या एवढेच उताऱ्यात असेल आणि विधान म्हणत असेल की लोक त्याच विहिरींचे पाणी पीत, तर ते कितीही संभवनीय असले तरी उत्तर नॉट गिव्हनच. आरोग्यावरचा उतारा आला की परिचारिका हटकून इथे फसतात, कारण त्या उताऱ्याऐवजी आपल्या ज्ञानावरून उत्तर देतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नये. पण ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन लिहिले, किंवा स्पेलिंग चुकले, तर उत्तर गेले.

शब्दांच्या बाबतीत यादी पाठ करण्याचा मोह आवरावा. प्रश्नात उताऱ्यातलाच शब्द क्वचित येतो. उताऱ्यात ‘डिक्लाइन’ असेल तर प्रश्नात ‘फॉल’ असतो. तेव्हा प्रत्येक सोडवलेल्या उताऱ्यानंतर अशा जोड्या वहीत उतरवाव्यात, त्याही पूर्ण वाक्यासकट. सरावासाठी केंब्रिजने छापलेले अधिकृत परीक्षासंच वापरावेत. क्लासवाल्यांच्या झेरॉक्सवर माझा विश्वास नाही.

ओईटी (ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट) ही आरोग्यक्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा, हाही पर्याय कौन्सिलला मान्य आहे. त्यातील उतारे आरोग्यक्षेत्रातलेच असतात, परंतु वाचनाच्या पहिल्या भागात १५ मिनिटांत २० प्रश्न सोडवावे लागतात, त्यामुळे वाचनाचा वेग कमी असेल तर तिथेही अडचण येते. फी भरण्याआधी दोन्ही परीक्षांचा एकेक नमुना संच घड्याळ लावून सोडवून पाहावा, आणि निर्णय त्या गुणांवरूनच घ्यावा.