दुसऱ्या दिवशीचा कौल

*ताई, माझं वय ५४. राहायला डोंबिवलीत, गाव मालवण तालुक्यात. वडिलोपार्जित घरवाडी आणि आंबा-काजूची बाग दिवाळीनंतर एका हॉटेलवाल्याला विकायची ठरली आहे. आम्ही दोघे भाऊ, एक बहीण. बहिणीने काही न मागता हक्कसोडपत्रावर सही केली. आम्ही तिला साडी आणि पन्नास हजार दिले. सगळं रीतसर नोंदवलेलं आहे. ग्रामदेवतेला कौलही लावला, उजवा मिळाला (पहिल्या दिवशी डावा पडला होता, पण गाऱ्हाणं नीट घातलं गेलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत लावला). तरी तीन महिने मन खातंय, झोप नाही. बायको म्हणते, देवाने हो म्हटलंय, आता विषय संपला. मी देवाचं ऐकू की मनाचं?*

भाऊ, तुमचं पत्र एकदा वाचलं. कंसातलं वाक्य मात्र चारदा वाचलं.

माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे कौल मला नवा नाही. गुरव ओल्या पाकळ्या देवाला लावतो, गाऱ्हाणं घालतो, मागचे सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात आणि मग श्वास रोखून बघत राहायचं, उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पाकळी अडून राहिली तर पुन्हा गाऱ्हाणं घालतात, तशी रीतच आहे. पण तुमची पाकळी अडली नव्हती. ती पडली, डावीकडे पडली, सगळ्यांच्या देखत पडली. माझी आजी असती तर म्हणाली असती, "दोनदा इचारलास तर तो कौल नाय, सौदो."

गाऱ्हाण्यात चूक होती, हे तुम्हाला कधी उमगलं? पाकळी पडायच्या आधी की नंतर? उजवा पडला असता तर त्याच गाऱ्हाण्यात तुम्हाला काही खोट दिसली असती का? आणि दुसऱ्या दिवशी नेमकं विचारलंत तरी काय? 'व्यवहार निर्विघ्न पार पडू दे' असंच ना? बहिणीचा वाटा घ्यावा का, असं विचारलं असतंत तर तो शब्द पत्रात आला असता.

मुळात कौल लावायला का गेलात? घरी पेज जेवायची की नाही, याला कोणी कौल लावत नाही. कागद झाले होते, सही झाली होती, गिऱ्हाईक ठरलं होतं. तरीही देवळाची पायरी चढावीशी वाटली, म्हणजे आत कुणीतरी आधीच डावा दिला होता. पहिल्या दिवशी देव आणि मन एकच बोलले. दोघांना गप्प करून आता मला विचारताय, कोणाचं ऐकू!

मन मानेल ते धर्म म्हणायची सोय आपल्याकडे जुनी आहे. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात दुष्यंत आश्रमातली मुलगी बघतो आणि म्हणतो, संशय आला तर सज्जनांना त्यांच्या अंतःकरणाची ओढ हेच प्रमाण. माझं मन हिच्याकडे धावतंय, म्हणजे ही मला वरण्याजोगी असणारच! (पुढे त्याचा अंदाज बरोबर निघतो, पण निघतो म्हणून तर्क सुधारत नाही.) हाच गृहस्थ नंतर तिला ओळखतही नाही. कालिदासाने त्याच्यासाठी दुर्वासांच्या शापाची सोय करून ठेवली. तुम्हाला ती सोय नाही.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना या प्रश्नावर प्रकरणच घातलं. सदसद्विवेक म्हणजे आत बसलेली कोणी स्वतंत्र देवता नाही, ती आपलीच बुद्धी, आणि बुद्धी शुद्ध असेल तरच तिचा निवाडा शुद्ध. आणि तुकोबा? 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' लोक हे वाक्य 'मनाला वाटेल ते करा' अशा अर्थाने भिंतीवर लावतात, तेव्हा माझा संताप होतो. ग्वाही म्हणजे साक्षीदार. त्याने बघितलं ते सांगायचं, बास. तुम्ही साक्षीदाराला काळा कोट चढवून स्वतःचा वकील केलंत. तो वकिली करतोही बिचारा दिवसभर, पण रात्री कोट काढला की साक्ष द्यायला लागतो. मग झोप कशी येणार?

'सगळं कायदेशीर' हे मला सांगू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे २००५ च्या दुरुस्तीने आणलं आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. तो हक्क सोडायलाही कायदा मुभा देतो, खरं. ती का सोडते, हे निबंधक विचारत नाही. माहेरचा उंबरा तुटू नये म्हणून बायका सही करतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. तुमच्या बहिणीबद्दल याहून जास्त लिहीत नाही. ती मोठी आहे, आणि पत्र तिचं आलेलं नाही.

देवाकडे तिसऱ्यांदा जाऊ नका. शांती करू नका, अभिषेक नको, गुरवाला नारळ नको. हिशेब सरळ आहे. बहिणीचा तिसरा हिस्सा तुम्हा दोघांत निम्मा-निम्मा गेला, म्हणजे एकूण मिळकतीचा सहावा भाग तुमच्या अंगावर आहे. तेवढ्याचं बक्षीसपत्र तिच्या नावे करा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, सातबारावर तिचं नाव लागेपर्यंत हॉटेलवाल्याला थांबवा. त्याला घाई असेल तर तो दुसरी बाग बघेल. भावाला विचारत बसू नका. त्याचा सहावा भाग तो जाणे आणि त्याचं मन जाणे. बायकोला सांगा, विचारू नका.

गुरुवारी रात्री कोकणकन्येत बसा. पत्रात बहिणीचं गाव लिहिलेलं नाही, पण तिकडचंच असणार. पोचल्यावर आधी तिच्या घरी जायचं, देवळात नंतर. पन्नास हजार परत मागू नका. आणि ती 'कशाला रे आता' म्हणेल, तेव्हा तो उजवा कौल समजून परत फिरू नका.