देवाधर्मावरची कार्टून्स आणि कायदा: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

देवाधर्मावरच्या व्यंगचित्रांबद्दल तेच तेच प्रश्न परत येतायत, आणि निम्म्या लोकांनी उत्तर आधीच व्हॉट्सॲपवरून घेतलेलं असतं, तेही चुकीचं. म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतोय. मी वकील आहे, व्यंगचित्रकारांच्या आणि छोट्या अंकांच्या केसेस बघतो. खालचं सगळं सर्वसाधारण आहे, तुमचं चित्र बघितल्याशिवाय तुमच्या चित्राबद्दल मी काहीही ठामपणे सांगणार नाही.

प्रश्न: भोंदूबाबावर कार्टून काढलं तर धार्मिक भावना दुखावल्याची केस होते का?

तक्रार कुणीही करू शकतो, ती टिकते का हा वेगळा प्रश्न आहे. आता कलम 299 आहे भारतीय न्याय संहितेचं, जुन्या आयपीसीतलं 295अ. त्यात नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा श्रद्धेचा अपमान लागतो, आणि तोही जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला. एक बाबा म्हणजे अख्खा धर्म नव्हे. पण बाबा ओळखू येत असेल तर तो बदनामीचा दावा ठोकू शकतो, कलम 356, त्यात चित्रही येतं. नाव न घेता नुसती दाढी आणि गाडी काढली म्हणजे सुटलो असं काही नसतं, बघणाऱ्याला माणूस कळला की झालं. तेव्हा जो आरोप चित्रातून करताय त्याचे कागद हातात आहेत का ते आधी बघा, आणि छापायच्या आधी वकिलाला दाखवा.

प्रश्न: खाली 'कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही' असं लिहिलं तर?

काही उपयोग नाही.

प्रश्न: आपण आपल्याच धर्मावर काढलं तर चालतं ना?

कलमात चित्रकाराचा धर्म कुठेही विचारलेला नाही. हेतू ठरवताना कोर्ट संदर्भ बघतं, त्यात तुम्ही त्याच परंपरेतले आहात हे मांडता येतं, पण ते मांडावं लागतं म्हणजे केस झालेलीच असते.

प्रश्न: मी काढलंच नाही, फक्त फॉरवर्ड केलं. मला काय होणार?

होऊ शकतं. 2015 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये शार्ली एब्दो या व्यंगचित्रांच्या फ्रेंच साप्ताहिकावर हल्ला झाला, 12 माणसं मारली गेली, आणि त्यानंतर मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाच्या संपादिकेने बातमीसोबत त्या साप्ताहिकाचं पैगंबरांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ छापलं. माफी छापूनही तिच्यावर एफआयआर झाले आणि अटक झाली. ते चित्र तिने काढलेलं नव्हतं. बातमीसाठी चित्र छापणं अगदी रास्त असू शकतं, पण ते वापरायच्या आधी का वापरतोय हे दोन ओळींत लिहून ठेवा आणि सल्ला घ्या. ग्रुपवर मजा म्हणून ढकललेल्या चित्राला तर असा काही बचावही नसतो.

प्रश्न: सरकारच्या मंजुरीशिवाय 299 लागत नाही म्हणे, मग घाबरायचं कशाला?

हे अर्धवट ऐकलेलं आहे आणि यानेच लोक गाफील राहतात. मंजुरी लागते ती कोर्टाने गुन्ह्याची दखल घेण्यासाठी, नागरिक सुरक्षा संहितेचं (म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम 217. एफआयआरला ती लागत नाही. गुन्हा दखलपात्र आहे म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता थेट नोंदवू शकतात, अजामीनपात्र आहे, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. पण शिक्षा सात वर्षांच्या आतली असल्यामुळे पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते, अर्नेश कुमार प्रकरणात 2014 साली सुप्रीम कोर्टाने हे सांगितलंय, आधी हजर राहण्याची नोटीस येते, त्याच संहितेचं कलम 35(3). शिवाय तिच्याच कलम 173(3) खाली वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि बोलणं, लिहिणं, कला यांच्याशी संबंधित अशा गुन्ह्यांत ती करणं योग्य, असं सुप्रीम कोर्टाने मार्च 2025 मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात म्हटलंय. म्हणजे नोटीस आल्यापासूनचे पहिले काही दिवस सगळ्यात मोलाचे असतात आणि लोक नेमके तेच घालवतात. नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवून वाट बघणारे मी बघितलेत, मग अटकेची भीती दारात आली की रात्री अकराला फोन. नोटीस आली त्याच दिवशी वकील गाठा.

प्रश्न: माझ्या कार्टूनवरून गदारोळ झालाय. चित्र साधं होतं, व्हीआयपी दर्शनावरचं. पोस्ट डिलीट करू का? आणि मी कमेंटमध्ये जरा चिडून उत्तरं दिली होती, त्याने काही फरक पडतो का?

पडतो. सगळ्यात जास्त त्यानेच पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तुम्ही पाठवलेलं चित्र बघितलं. डावीकडे रांग, रांगेत जमिनीवर टेकलेली म्हातारी, शेजारी काढून ठेवलेल्या चपला, उजवीकडे पासची खिडकी आणि तिथून आत जाणारा सुटाबुटातला माणूस. देव चित्रात नाहीच. म्हातारीचा चेहरा तर तुम्ही इतक्या मायेने काढलाय की भक्तीची टिंगल आहे असं कुणी म्हणूच शकत नाही. आणि मग त्याच चित्राखाली तुम्ही लिहिलंत, 'आता बघा अंधभक्तांना कशी मिरची झोंबते'. तक्रारीला जोडायला चित्राच्या आधी त्या कमेंटचाच स्क्रीनशॉट काढला जातो.

कारण सगळा खेळ हेतूचा आहे. 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाने 295अ वैध ठरवलं ते याच अर्थाने, की नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात बसत नाही, जाणूनबुजून दुष्टपणे केलेलाच बसतो. 2013 मध्ये एका मासिकाने मुखपृष्ठावर धोनीला विष्णूच्या रूपात दाखवलं, हातांत जाहिरातींच्या वस्तू, त्यात बूटसुद्धा, आणि 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केस याच मुद्द्यावर रद्द केली. आणि चित्राचा परिणाम कुणाच्या नजरेने मोजायचा, तर विचारी, खंबीर, धीराच्या माणसाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या नाही, हे नागपूर हायकोर्टात न्या. विवियन बोस यांनी स्वातंत्र्याआधी लिहून ठेवलंय आणि सुप्रीम कोर्ट अजून तीच मोजपट्टी वापरतं. इतकं सगळं चित्रकाराच्या बाजूने आहे! आणि आपण स्वतःच्या हाताने चार शब्द टाइप करून समोरच्याला दुष्ट हेतूचा पुरावा देऊन मोकळे होतो. मला याचा खरंच त्रास होतो, कारण चांगली, गरजेची चित्रं यात अडकतात आणि पुढच्या वेळी तोच चित्रकार रांगेतल्या म्हातारीऐवजी ट्रॅफिकवर कार्टून काढतो.

आता डिलीटचं. पोस्ट दिसेनाशी करायची तर करा, तणाव कमी होत असेल तर करावीच, पण आधी मूळ फाइल, कॅप्शन, तारीख, सगळ्या कमेंट जपून ठेवा, चिडून लिहिलेल्यासुद्धा. नोटीस आल्यावर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय काहीच पुसायचं नाही, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. कच्ची रेखाटनं फेकू नका. ज्या बातमीवरून चित्र सुचलं तिचं कात्रण ठेवा, संपादकाशी झालेले मेल ठेवा, यातून हेतू दिसतो. तुमचं चित्र कापून फिरवतायत का तेही बघा, पासची खिडकी कापली तर नुसती दमलेली म्हातारी आणि चपला उरतात, अर्थच बदलतो. माफीचा व्हिडिओ मित्रांनी सांगितलं म्हणून घाईने टाकू नका, घाबरून 'माझी चूक झाली' म्हटलेलं नंतर कबुली म्हणून पुढे केलं जातं. खेद कसा आणि किती व्यक्त करायचा ते वकिलासोबत बसून लिहा. तुम्हाला मी आजच भेटा म्हणेन, मला नाहीतर जवळच्या दुसऱ्या कुणा फौजदारी वकिलाला.

प्रश्न: चित्रांतून धर्मातल्या ढोंगावर टीका म्हणजे पाश्चात्यांची नक्कल, असं आमच्याकडे म्हणतात. खरंय का?

नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्याच्या कालीघाट चित्रांत कपाळावर वैष्णव टिळा लावलेलं मांजर आहे, तोंडात मासा धरलेलं. ढोंगी साधूवर याहून नेमकं चित्र मी बघितलेलं नाही. बंगालचे चित्रकार गगनेंद्रनाथ टागोरांनी 1917 च्या सुमाराला जातिव्यवस्थेच्या जात्याखाली भरडली जाणारी माणसं काढली. तिफ्लिसमधून (आजचं जॉर्जियातलं तिबिलिसी) 1906 पासून 'मोल्ला नसरेद्दीन' नावाचं अझरबैजानी साप्ताहिक निघत होतं, मुल्लांच्या ढोंगावर आणि बायकांना कोंडून ठेवण्यावर त्यात सडकून रंगीत व्यंगचित्रं यायची, काढणारे-वाचणारे त्याच समाजातले. आणि आपल्याकडे एकनाथांची भारुडं, तुकोबांचे दांभिकांवरचे अभंग आहेतच. या सगळ्यांचा रोख श्रद्धा विकून खाणाऱ्यावर असतो, श्रद्धा ठेवणाऱ्यावर नसतो. पण परंपरा आहे म्हणून कोर्टात आपोआप सुटका होत नाही, तेव्हा हा मुद्दाही वकिलामार्फतच मांडा.

प्रश्न: ऑनलाइन एक कंपनी कार्टूनला 'लीगली सेफ' सर्टिफिकेट देते. घ्यावं का?

घेऊ नका. असं सर्टिफिकेट कुठलंही कोर्ट मानत नाही, आणि चित्र न बघता, तुम्हाला एक प्रश्नही न विचारता दिलेला शिक्का म्हणजे शुद्ध लूट आहे. 'सगळीकडून चित्र काढून टाकतो' म्हणणाऱ्या एजन्सीही त्यातल्याच.

प्रश्न: केस नाही, पण धमक्या येतायत. दुर्लक्ष करू का?

अजिबात नाही. धमकी हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम 351. स्क्रीनशॉट घ्या, त्यात अकाउंटचं नाव, लिंक आणि वेळ दिसली पाहिजे, कॉल आले तर नंबर लिहून ठेवा. उलट शिव्या देऊ नका. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कुणाची हा प्रश्न नंतरचा, आणि ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ती विसरू नका. पत्ता किंवा मुलांची शाळा कुणी उघड केली असेल तर उद्यावर टाकू नका.