भिरकावलेली कादंबरी

पत्र : ताई, आमचं पुस्तकांचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम बायकोचं, हिशेब माझा. तिला जाऊन चौदा महिने झाले. परवा बहिणीने एक कादंबरी आणून दिली. बायको गेलेला पुस्तकविक्रेता, आणि हळूहळू सगळं गाव त्याच्या दुकानात जमतं. वाचून मन भरून येतं म्हणे. मी शेवटपर्यंत वाचली आणि भिंतीवर भिरकावली. माझ्याकडे कोणी आलं की मी मान खाली घालतो. तिची मागण्यांची वही अजून उघडलेली नाही. माझं काही बिघडलंय का?

उत्तर : नुसती नावडली असती तर चाळीसाव्या पानावरच मिटून ठेवली असतीत. तुम्ही शेवटच्या पानापर्यंत गेलात. मधे कुठेतरी तुम्हालाही आशा वाटली होती, राग त्या आशेचा आहे.

अशा कादंबऱ्या मला आवडतात, रडत रडत वाचते. पण त्यांची एक लबाडी असते. ‘सहा महिने गेले’ एवढं लिहून लेखक पुढच्या प्रकरणात जातो. तुम्ही ते सहा महिने गल्ल्यामागे बसून एकेक दुपार करत काढलेत. शिवाय कादंबरीत दार नेमकं हवं तेव्हाच उघडतं, आणि आत येणाऱ्याला काय बोलावं ते बरोबर सुचतं. तुमच्या गिऱ्हाइकांना ते सुचत नाही. तेही मान खाली घालून फळ्या चाळत असणार.

आणखी एक. तो नायक शेवटी बोलका होतो, म्हणून तुम्हीही व्हायला हवं असं तुम्ही धरून चाललाय. कशाला? बोलणं तिचं होतं. तिची जागा तुम्ही भरायची, असं कोणी सांगितलेलं नाही.

हिशेबी माणसाचीही माणसं जमतात. न्यूयॉर्कच्या लेखिका हेलेन हॅन्फ यांनी १९४९ मध्ये लंडनमधल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानाला हव्या असलेल्या पुस्तकांची यादी पाठवली. उत्तर द्यायचे तिथले फ्रँक डोएल, अगदी औपचारिक भाषेत. पुस्तकं आणि बिलं यांच्या आडूनच ओळख वाढली, दुकानातली इतर माणसंही पत्रं लिहू लागली. १९६८ मध्ये डोएल गेले, तोवर ही दोघं एकदाही भेटली नव्हती. जवळपास वीस वर्षं! तुम्ही चौदा महिन्यांत घायकुतीला आलात.

बिघडण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातला माणूस गेलेल्याची आठवण आणि रोजचे व्यवहार यांच्यात हेलकावे खात राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. त्यामुळे सकाळी पावती फाडली आणि दुपारी डोळे भरून आले, तर घाबरू नका. मात्र अजूनही जवळजवळ रोज तिच्यावाचून काहीच सुचत नसेल, झोप नसेल, दुकान उघडणंच होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. एवढ्या काळानंतर ते विचारणं योग्यच आहे. आणि जगणंच नको वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा.

लगेच वाचकमंडळ वगैरे काढायच्या भानगडीत पडू नका. बहिणीला मात्र खरं सांगून टाका, की कादंबरी वाचून चीड आली. तिला वाईट वाटेल, पण मग ती पुढची आणणार नाही.

आणि ती वही. एका बैठकीत सगळी वाचू नका, अक्षर तिचं आहे. एक पान उघडा, सगळ्यात जुनी राहिलेली मागणी शोधा आणि त्या माणसाला फोन करा. बोलायचं एवढंच : ‘तुम्ही अमुक पुस्तक सांगून ठेवलं होतं, अजून हवंय का?’ कदाचित त्याने ते दुसरीकडून घेतलंही असेल. तसं असलं तर पानावर काट मारा आणि खालच्या नावाला लावा.