टाकीतल्या माशांसाठी हीटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. गप्पी आणि मॉली पाळले आहेत. दुकानदार २०० वॉटचाच हीटर घ्या म्हणतो. एवढा लागतो का? (नाशिक)

उत्तर : नाही लागत. दोन घनफूट म्हणजे साधारण ५६ लिटर. खालची रेती आणि वरची रिकामी जागा वजा केली, की पाणी भरतं जेमतेम ५० लिटर. लिटरमागे एक वॉट हा हिशेब आपल्याकडे पुरतो, पण आधी एक काम करा. पहाटे टाकीशेजारी थर्मामीटर ठेवून खोलीचं तापमान बघा. नाशिकला बाहेर पारा दहाच्या खाली गेला, तरी बंद घरात तेवढा गारठा नसतो. खोलीत १८ अंश असतील आणि माशांना २५ हवे असतील, तर सात अंशांचा फरक भरून काढायचा आहे. झाकण असलेल्या टाकीत तेवढ्याला ५० वॉट पुरतात. टाकी उघडी किंवा खिडकीजवळ असेल तर ७५ घ्या.

मोठा हीटर घेऊन ठेवला तर बिघडतं कुठे, असं वाटेल. बिघडतं ते थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणारा भाग, चिकटल्यावर. आतले पॉइंट चिकटले की हीटर बंदच होत नाही. २०० वॉटचा हीटर ५० लिटर पाणी तासाला तीन अंशांहून जास्त तापवतो. रात्री अकराला चिकटला, तर सकाळपर्यंत सगळी टाकी संपते. ५० वॉटचा चिकटला तर तासाला अंशभरही वाढत नाही, आणि टाकीतून उष्णता बाहेर जातच असल्याने पाणी काही अंश चढून थांबतं. तुमच्या हाताशी वेळ राहतो. म्हणूनच चार फुटी टाकीलाही एका मोठ्या हीटरऐवजी दोन्ही टोकांना दोन लहान लावावेत, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : काचेच्या बोलमध्ये फायटर मासा आहे. त्यात बसेल असा छोटा हीटर सुचवा. (डोंबिवली)

उत्तर : हीटर नंतर, आधी बोल बदला. तीन-चार लिटर पाणी झटकन तापतं आणि झटकन गार होतं. हीटर लावला तर हे चढउतार आणखी वाढतात. पंधरा-वीस लिटरची झाकणाची टाकी आणि २५ वॉटचा हीटर, एवढं केलंत की झालं. झाकण हवंच. फायटर पाण्यावर येऊन हवा घेतो, ती हवाही उबदार असावी. तुमच्याकडे वर्षातले बरेच महिने हीटर चालू होणारही नाही.

प्रश्न : गोल्डफिशला कितीचा लावू? (पुणे)

उत्तर : लावू नका. तो गार पाण्यातला मासा आहे, १८ ते २२ अंशांत मजेत राहतो. ते पैसे चांगल्या फिल्टरवर खर्च करा.

प्रश्न : थंडीत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. हीटर ३० वर ठेवला तर बरं होईल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : औषधाच्या जोडीने उपयोग होतो, पण घाई नको. हे ठिपके एका परजीवीमुळे येतात. तो माशाच्या त्वचेखाली असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिथून सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. पाणी उबदार असलं की त्याचं हे चक्र लवकर फिरतं, म्हणून औषध लवकर लागू पडतं. दिवसाला एक-दोन अंश असं करत २८-२९ पर्यंत न्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. ठिपके दिसेनासे झाले तरी औषधाचा डोस पूर्ण करा.

आणि पाणी कसं बदलता तेही तपासा. सकाळी गच्चीवरच्या टाकीचं गारेगार पाणी तसंच ओतलं, की माशांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि मग हा रोग डोकं वर काढतो. बादलीत गरम पाणी मिसळा, थर्मामीटर बुडवा, आकडा जुळला की ओता.

प्रश्न : पाणी बदलताना हीटर तडकला. आता नवा लावताना काय काळजी घेऊ? (कोल्हापूर)

उत्तर : पाणी उपसण्याआधी पंधरा-वीस मिनिटं हीटर बंद करा. पाण्याबाहेर आलेली काच तापत राहते आणि गार पाणी लागताच तडकते. तडकलेला हीटर चिकटवून वापरू नका; जीवावर बेतेल. नवा हीटर खालच्या बाजूला, फिल्टरचा प्रवाह लागेल असा आडवा लावा, पण रेतीत पुरू नका. आडवा चालतो का, हे खोक्यावर बघून घ्या. वायर सॉकेटच्या खाली झुकू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता खाली टपकेल. इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि तो असला तरी हात घालण्याआधी प्लग काढायचाच. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका; वेगळा थर्मामीटर हीटरच्या विरुद्ध टोकाला लावा.

रात्री वीज गेली तर टाकीला तीन बाजूंनी चादर किंवा थर्माकोल लावा, बॅटरीवरचा एअर पंप सुरू करा आणि पाणी पुन्हा उबदार होईपर्यंत खाणं टाकू नका.